फायरप्लेसमागचा बॉयलर

ब्रिटन आणि आयर्लंडमधील जुन्या घरांत दिवाणखान्याच्या भिंतीत उघडी फायरप्लेस असते. तिच्यात कोळसा किंवा लाकूड जाळले, की निर्माण होणाऱ्या उष्णतेचा बराच मोठा भाग धुराड्यावाटे बाहेर निघून जातो. या वाया जाणाऱ्या उष्णतेचा काही अंश पाण्यात उतरवण्यासाठी विसाव्या शतकात तेथे जी व्यवस्था रूढ झाली, ती ‘बॅक बॉयलर’ या नावाने ओळखली जाते. फायरप्लेसमध्ये एरवी जेथे अग्निरोधक विटेची पाठ असते, तेथे बसवलेली पाण्याची पोकळ धातूची पेटी, एवढेच तिचे स्वरूप.

मराठी वाचकाला बंब ठाऊक आहे. त्यात विस्तव मधल्या नळकांड्यात असतो आणि पाणी त्याच्या सभोवती. बॅक बॉयलरमध्ये पाणी विस्तवाच्या पाठीशी असते. तत्त्व तेच, पण एक फरक जिवावर बेतणारा आहे. बंबातले पाणी उकळले तर वाफ झाकणाखालून सहज निघून जाते. बॅक बॉयलर नळांना जोडलेला, चहूबाजूंनी बंद असतो. वाफेला वाट मुद्दाम करून द्यावी लागते. शिवाय गॅस किंवा वीज बंद करता येते, तसा पेटलेला कोळसा बटण दाबून विझत नाही. बसवणीचे बहुतेक नियम या दोन गोष्टींतून आलेले आहेत.

कामाची सुरुवात धुराड्यापासून होते. ते साफ करून धुराची चाचणी घेतली जाते. आतील अस्तर फुटलेले असेल तर नवे घातले जाते. मग जुनी विटेची पाठ फोडून काढतात, त्या जागी बॉयलर बसवतात आणि मागील पोकळी उष्णतारोधक मिश्रणाने भरून घेतात. बॉयलरमधून सामान्यतः २८ मिलिमीटर व्यासाचे दोन तांब्याचे नळ निघतात. वरच्या नळाने गरम पाणी वरच्या मजल्यावरील टाकीकडे जाते, तेथील वेटोळ्यातून फिरून थंड होते आणि खालच्या नळाने परत येते. यासाठी पंप लागत नाही. गरम पाणी हलके असल्याने वर चढते, या गुणावरच हा प्रवाह चालतो. पुण्यातील गच्च्यांवरच्या अनेक सौर बंबांचे कामही याच नियमाने होते. मात्र नळांना सतत चढ असला पाहिजे. मध्येच उतार आला तर तेथे हवा अडकते आणि प्रवाह थांबतो. विस्तवाजवळचे सांधे साध्या डाखाचे ठेवत नाहीत, कारण तेथील उष्णतेने ते सुटू शकतात.

या वर्तुळातून एक नळ माळ्यावरील छोट्या टाकीच्या वर नेऊन उघडा सोडलेला असतो. पाणी उकळले तर वाफ आणि उसळलेले पाणी त्यातून बाहेर पडते, आणि त्याच टाकीतून येणाऱ्या दुसऱ्या नळाने तूट भरून निघते. या उघड्या नळावर कोणतीही तोटी किंवा झडप बसवायची नाही, हा नियम अनुभवी कारागीर कधीही मोडत नाहीत. घर उबदार ठेवणारे रेडिएटर पंपावर चालत असतील, तर त्यातला एक पंपाशिवाय चालणाऱ्या वर्तुळात जोडून कायम उघडा ठेवतात. वीज गेली, पंप थांबला, तरी पेटत्या विस्तवाची उष्णता जायला जागा हवी. दिसायला हा रेडिएटर इतरांसारखाच असतो. त्यामुळे खोली फार तापते म्हणून त्याला झडप लावून घेणारे घरमालक निघतात. ते धोकादायक आहे.

खरा धोका मात्र पुष्कळदा हिवाळ्यात उद्भवतो. कडाक्याच्या थंडीत घर काही दिवस बंद राहिले, तर माळ्यावरील नळांत बर्फ होते. परतलेली मंडळी प्रथम फायरप्लेस पेटवतात. वाफेची वाट बंद असल्याने दाब वाढत जातो, पाणी शंभर अंशांच्या पुढे तापते, आणि पेटी फुटताच त्याची क्षणात वाफ होते. साध्या दाबाखाली पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे सोळाशे पटींनी वाढते. अशा स्फोटांत माणसे दगावलेली आहेत. म्हणून गोठणाऱ्या हवेत नळांतून पाणी फिरते आहे याची खात्री होईपर्यंत विस्तव पेटवू नये. माळ्यावरील टाकी व नळ उष्णतारोधक आवरणात गुंडाळणे, हा यावरचा स्वस्त उपाय आहे.

इंग्लंड व वेल्समध्ये हे काम बांधकाम नियमांखाली येते. ‘हेटास’ या संस्थेकडे नोंदणी असलेला कारागीर ते स्वतः प्रमाणित करू शकतो. अन्यथा स्थानिक प्राधिकरणाच्या बांधकाम विभागाला आधी कळवावे लागते. उघड्या विस्तवाला भरपूर हवा लागते, म्हणून खोलीत कायम उघडा झरोका हवा. २०१० पासून इंग्लंड व वेल्समध्ये असे नवे उपकरण बसवताना कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्रही बंधनकारक आहे. इंधनाचे नियम वेगळे. १९५२ मध्ये लंडनवर पसरलेल्या जीवघेण्या धुरक्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवा कायदा झाला आणि धूरनियंत्रित क्षेत्रे ठरवली जाऊ लागली. तेथील उघड्या फायरप्लेसमध्ये मान्यताप्राप्त धूरविरहित इंधनच जाळता येते. इंग्लंडमध्ये घरगुती वापराच्या पारंपरिक कोळशाची पिशवीबंद विक्री २०२१ मध्ये, तर सुटी विक्री २०२३ मध्ये थांबली. तेव्हा नवा बॉयलर बसवण्याआधी त्या गावात काय जाळता येईल, हे विचारून घेणे शहाणपणाचे.

नोकरीनिमित्त तिकडे जाऊन जुने घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांचा संबंध नव्या बॉयलरपेक्षा जुन्याशी येण्याची शक्यता अधिक. गॅसवरचे हीटिंग आल्यावर अनेक घरांत बॅक बॉयलरचे नळ कापून त्यांची तोंडे बंद केली गेली. पेटी मात्र विटांमागे तशीच राहिली. आत थोडे पाणी उरले असेल, तर हौसेने पेटवलेला पहिलाच विस्तव तिचा स्फोट घडवू शकतो. असा निकामी बॉयलर काढून टाकणे उत्तम. ते शक्य नसेल तर तो पूर्ण रिकामा करून, पुन्हा दाब साठू नये म्हणून त्याला भोके पाडून उघडा ठेवतात. फायरप्लेसमागे धातूची सपाट पाठ दिसली किंवा बाजूच्या भिंतीतून कापलेल्या नळांची टोके डोकावत असली, तर जाणकाराने पाहिल्याशिवाय तेथे काडीही ओढू नये.