अठ्ठ्याहत्तरांतल्या बारा जागा

विधान परिषद मोडीत काढावी, ही मागणी जुनीच. पश्चिम बंगालने १९६९ मध्ये, तमिळनाडूने १९८६ मध्ये आपापली परिषद संपविली. महाराष्ट्रात मात्र रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे याच सभागृहाचे अठरा वर्षे सभापती होते. १९७८ मध्ये राज्यपालनियुक्त होऊन आलेल्या ना. धों. महानोरांनी येथेच शेती-पाण्याचे प्रश्न मांडले. साहित्य, कला, विज्ञान, सहकार, समाजसेवा यांसाठीच्या या बारा जागा पुढे पक्षांच्या सोयीच्या झाल्या. २०२० नंतर तर चार वर्षे रिकाम्याच राहिल्या. ‘विशेष ज्ञान वा अनुभव’ ही घटनेतील अट तपासतो कोण? हा दोष सभागृहाचा नव्हे. नावे सुचविण्याचा मंत्रिमंडळाचा अधिकार आधी स्वतंत्र समितीकडे द्यावा. विसर्जनाचा ठराव त्यानंतर.