कच्चे मडके आणि नामदेवांची पायरी

मराठी संतपरंपरेने अहंकाराविषयी तत्त्वचर्चा पुष्कळ केली. पण लोकांच्या स्मरणात राहिली ती एक गोष्ट. तेर येथे गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली आहे. मुक्ताबाई कोपऱ्यातले थापटणे पाहून विचारते, हे कशासाठी? काका सांगतात, मडके पक्के की कच्चे ते याने कळते. मग आमचीही मडकी पाहा, असे ती म्हणते. काका एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारत जातात. सारे निमूट बसतात; नामदेव मात्र चिडतात, आणि निकाल लागतो की एवढेच मडके कच्चे.

चरित्रकारांनी ही कथा वारंवार सांगितली. महिपतींच्या ‘भक्तविजया’ने (१७६२) ती घरोघर पोचवली. तेरची ही बैठक खरोखर भरली होती काय, हे ठरवण्याचे साधन आपल्यापाशी नाही. तथापि एखादी परंपरा आपल्याच थोर पुरुषाविषयी अशी गोष्ट शतकानुशतके का सांगत राहते, हा प्रश्न इतिहासाचाच आहे, आणि आम्हांस तो अधिक मोलाचा वाटतो.

नामदेवांचा (परंपरेनुसार १२७०–१३५०) दोष कोणता? भक्तीत ते उणे नव्हते. विठ्ठलाने ज्यांच्या हातचा नैवेद्य खाल्ला आणि जो त्यांच्याशी बोलतो, अशी त्यांची ख्याती होती. या जवळिकीतूनच त्यांचे मीपण पोसले गेले. धनाचा वा कुळाचा अभिमान चारचौघांना दिसतो, म्हणून त्याला टोकणारे तरी भेटतात. चांगुलपणाचा अभिमान चांगुलपणाच्याच वेषात वावरतो आणि ज्याचा त्यालाही ओळखू येत नाही. (विद्वत्तेचा अभिमान याच जातीचा. आम्हां प्राध्यापकमंडळींना त्याची उदाहरणे शोधायला दूर जावे लागत नाही.) म्हणून येथे परीक्षा घेणारा कुंभार आहे आणि परीक्षा सुचवणारी एक लहान मुलगी. आव्यातून निघालेले मडके ठणठणते, कच्चे बद्द वाजते. कुंभाराला त्यासाठी वेदान्त लागत नाही. नामदेवांचा पहिला उद्गारही पाहण्यासारखा आहे. ते आपल्या मडक्याविषयी विचार करीत नाहीत, अपमानाविषयी करतात, आणि तक्रार घेऊन थेट देवाकडे जातात. देव त्यांची बाजू घेत नाही. गुरू कर, म्हणून विसोबा खेचरांकडे पाठवतो.

पुढचा प्रसंग सर्वज्ञात आहे. परंपरेत बहुधा औंढ्या नागनाथाचे देऊळ सांगितले जाते. विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून पडले आहेत. नामदेव रागावतात. विसोबा म्हणतात, मी म्हातारा. जेथे देव नाही तेथे माझे पाय तूच उचलून ठेव. नामदेव पाय हलवतात. जेथे ठेवावेत तेथे लिंग उमटते. आमच्या मते कथेचा प्राण या हालचालीत आहे. विसोबा उपदेश करीत नाहीत. ते नामदेवांच्याच हातांनी नामदेवांचा समज तपासून घेतात. देव एका राउळात आहे आणि तो माझा आहे, ही समजूत कोणी खोडून काढली नाही. ती धरून चालणाऱ्यालाच ती चालेना. हे काम करणारे विसोबा स्वतः कोण? आळंदीच्या भावंडांना छळणारे, मांडे भाजायला खापर मिळू नये म्हणून कुंभारांना मना करणारे आणि नंतर पालटलेले, असेच आख्यायिका त्यांना ओळखते. मीपणाचा दंश ज्याला ठाऊक, त्याच्याकडेच नामदेवांना धाडले गेले.

ही कथा पुढे सांगितली कोणी? कीर्तनकारांनी. नामदेव हे त्यांचे आद्य पुरुष. सभेसमोर उभे राहणाऱ्याला, गळ्यात हार पडणाऱ्याला मीपणाचा धोका सर्वांत अधिक, आणि त्यानेच आपल्या पूर्वसूरीची फजिती रंगवून सांगायची! हा परंपरेने स्वतःवर ठेवलेला पहारा होता, असे आम्हांस वाटते.

नाममुद्रेचा प्रश्न याला लागूनच येतो. ‘नामा म्हणे’ या मुद्रेखाली एकाच नामदेवाची रचना नाही. विष्णुदास नामा आणि इतरही कवी तीत मिसळले आहेत. १९७० साली महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या गाथेनंतरही हा गुंता कायम आहे. ख्रिश्चन नोव्हेट्झके यांनी २००८ च्या आपल्या ग्रंथात या सामूहिक कर्तृत्वाकडे स्मृतीची रीत म्हणून पाहिले. संशोधकाने रचना निवडून वेगळ्या कराव्यात, ते त्याचे कामच आहे. पण स्वतःचे नाव मागे ठेवून दुसऱ्याच्या नावात विरून जाणारे ते अनाम कवी आपल्या वाङ्मयेतिहासात ‘प्रक्षेपक’ ठरतात, हे आम्हांस खटकते.

येथे एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. अहंकार सोडा, हे वाक्य सर्वांना सारखे लागू होत नाही. त्याच घरातील जनाबाई ‘नामयाची दासी’ म्हणवून घेते, पण अभंगाच्या शेवटी ‘जनी’ हे नाव उमटवल्याशिवाय राहत नाही. जिचे मीपण जगाने कधी मानलेच नाही, तिने ते सोडायचे कोठून? तिचे नाव घेणे आणि नामदेवांचे नाव विरघळणे या विरुद्ध दिशांच्या वाटा आहेत. वर्गात दोन्हींवर ‘निरहंकार भक्ती’ असा एकच शिक्का मारला जातो, तो योग्य नाही.

पंढरपूरच्या महाद्वारी याचा पुरावा दगडांत आहे. संतांची पायधूळ लागावी म्हणून नामदेवांनी देवळाची पायरी होऊन राहणे पसंत केले, असे परंपरा सांगते. वारकरी त्या पायरीवर पाय ठेवत नाहीत. तिची पूजा करून ती ओलांडतात. नामदेवांनी मागितले होते ते त्यांना मिळालेच नाही. त्या पायरीसमोरच चोखामेळ्याची समाधी आहे. मंगळवेढ्याला कुसू कोसळून तो गेला, आणि त्याच्या अस्थी नामदेवांनी येथे आणल्या, अशी कथा आहे. नामदेव आत जाऊ शकत होते आणि तरी त्यांनी दाराबाहेरची जागा मागून घेतली. चोखोबाला ती मागावी लागली नाही. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केले, तेव्हा कोठे चोखोबाच्या जातबांधवांसाठी ते दार उघडले.