मीटर उलटं फिरतं तेव्हा : गच्चीवरची वीज आणि 'विकणं' या शब्दाचा इतिहास

आमच्या अयोध्या नगरातल्या गच्च्यांवर पूर्वी दोनच गोष्टी हमखास दिसायच्या, पाण्याची काळी टाकी आणि डिश अँटेना. आता तिसरी आली आहे, दक्षिणेकडे तोंड करून कललेली सोलर पॅनलं. पॅनल बसवलेल्या घरी गेलं की एक वाक्य बहुधा कानावर येतं, "आम्ही आता वीज कंपनीला वीज विकतो." या लेखात त्या वाक्यातल्या 'विकतो' या शब्दाचा माग काढायचा आहे. माझं म्हणणं असं, की आपल्यापैकी बहुतेक घरं वीज विकत नाहीत, उसनी देतात. हा फरक नुसता शब्दांचा नाही. शेवटी बिलावर काय आकडा येणार, ते यावरच ठरतं.

पाण्याची वीज, गिरण्यांचं गिऱ्हाईक

आपल्या देशात निसर्गाच्या जोरावर वीज करण्याची सुरुवात १८९७ साली दार्जिलिंगजवळच्या सिद्रापोंगला झाली. एका डोंगरी शहरापुरती ती छोटी सोय होती. वीज करून मोठ्या प्रमाणावर विकण्याचा खरा धंदा मात्र सह्याद्रीत उभा राहिला. १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं. लोणावळ्याच्या बाजूला तलावांत साठवलेलं पावसाचं पाणी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला सोडायचं आणि तयार झालेली वीज तारांवरून मुंबईच्या कापड गिरण्यांना पुरवायची, अशी ती योजना. 'नवीकरणीय' हा शब्द तेव्हा जन्मलाही नव्हता, पण वीज तीच होती.

या व्यवहारात विकणारा एक होता आणि घेणारे अनेक. शिवाय घेणाऱ्याला पर्यायही होता. दर परवडला नाही तर गिरणीमालक आपल्या वाफेच्या इंजिनावर राहू शकत होता. म्हणजे हा खराखुरा बाजार होता, दोन्ही बाजूंना 'नाही' म्हणण्याची मुभा असलेला.

ती मुभा नसलेला तिसरा पक्षही होता. मुळशीच्या धरणासाठी ज्या मावळ्यांच्या जमिनी जाणार होत्या त्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. लढा काही वर्षं चालला, पण धरण झालंच आणि त्या पाण्यावर भिऱ्याचं केंद्र १९२७ साली सुरू झालं. स्वच्छ विजेचा हिशेब मांडताना मुळशी विसरून चालत नाही. गच्चीवरच्या विजेची एक मोठी जमेची बाजू हीच, की तिच्यासाठी कुणाचं गाव बुडत नाही.

घेणारा एकच उरला

१९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने चित्र पालटलं. राज्याराज्यांत वीज मंडळं आली. नवं वीजकेंद्र उभारायचं तर मंडळाची लेखी संमती लागू लागली. खासगी कंपन्या एका दिवसात संपल्या नाहीत, टाटांची केंद्रं चालूच राहिली. पण वीज करणं, वाहून नेणं आणि घरोघरी पोचवणं हे हळूहळू मंडळाचंच काम झालं. खेड्यापाड्यांत वीज पोचली ती याच व्यवस्थेमुळे, हे श्रेय तिला द्यायलाच हवं.

आमच्या भोपाळपुरती एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला नवं मध्य प्रदेश राज्य झालं. राजधानी भोपाळला आली आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरहून अनेक मराठी कुटुंबं नोकरीनिमित्त इकडे सरकली. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनीही स्थापन झाली. तिचा इथला कारखाना पुढे आपला 'भेल' झाला. धरणांवरची टर्बाइनं, जनरेटर, ट्रान्सफॉर्मर अशी अवजड यंत्रं या गावात बनू लागली. पण त्यांच्यावर काम करणारा माणूस घरी आला की फक्त ग्राहक. तारेतून वीज एकाच दिशेने यायची, पैसे उलट्या दिशेने जायचे. घराच्या मीटरला दुसरी दिशा असू शकते, हा विचारच कुणाला शिवला नव्हता.

दुसरी दिशा

तो विचार आला तेलाच्या टंचाईतून. अमेरिकेने १९७८ मध्ये कायदा करून वीज कंपन्यांना छोट्या उत्पादकांची वीज घेणं भाग पाडलं. त्याच सुमारास तिथल्या काही सौर घरांत एक साधी गोष्ट लक्षात आली. जुन्या मीटरमधली ॲल्युमिनियमची चकती, घरातून वीज बाहेर जाऊ लागली की उलटी फिरते आणि आकडा कमी होतो. नेट मीटरिंगचा जन्म असा यंत्राच्या स्वभावातूनच झाला, कायदा मागून आला. मिनेसोटा राज्याने १९८३ मध्ये तो केला. जर्मनीने वेगळी वाट धरली. १९९१ पासून तिथे वारा आणि सूर्याच्या विजेला सरासरी किरकोळ दराच्या ९० टक्के भाव कायद्यानेच मिळू लागला. पहिली वाट उसनवारीची, दुसरी विक्रीची.

भारतात दोन्ही वाटा चोखाळल्या गेल्या. १९८२ मध्ये केंद्रात अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग झाला. १९८६ मध्ये महाराष्ट्र, गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर ५५ किलोवॉटच्या पवनचक्क्या ग्रिडला जोडल्या गेल्या. १९९१ च्या दुरुस्तीने खासगी वीजनिर्मितीचं दार उघडलं. पुढे केंद्राने राज्यांना सुचवलं, की अपारंपरिक वीज युनिटला २ रुपये २५ पैशांनी घ्यावी, १९९४-९५ हे पायाभूत वर्ष धरावं आणि दर वर्षाला ५ टक्क्यांनी वाढवावा. ही झाली विक्री.

याच धोरणात 'बँकिंग' नावाची सोयही होती. वारा सुटला तेव्हा जास्तीची वीज मंडळाकडे ठेवायची आणि गरज पडेल तेव्हा परत घ्यायची. माझ्या मते आपल्या गच्चीवरच्या नेट मीटरिंगची खरी आजी हीच. जी सवलत आधी पवनचक्कीच्या मालकाला होती, तीच पुढे घरमालकाला मिळाली.

२००३ चा वीज कायदा हा तिसरा टप्पा. वीज तयार करायला परवाना लागत नाही, असं त्याने सांगितलं आणि नवीकरणीय विजेला ग्रिडशी जोडणी आणि कुणालाही विक्री यासाठी उपाययोजना करण्याचं काम राज्याच्या वीज नियामक आयोगावर सोपवलं. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र, दोन्हींच्या आयोगांनी २०१५ मध्ये नेट मीटरिंगचे नियम केले.

गच्चीवर नेमकं काय होतं

दुपारी बाराला घरात पंखा आणि फ्रिज एवढंच चालू असतं आणि पॅनलं जोरात असतात. जास्तीची वीज मीटरमधून बाहेर पडते आणि बहुधा चार घरं पलीकडेच खर्च होते. रात्री आपण ग्रिडकडून वीज घेतो. महिन्याच्या शेवटी घेतलेल्या युनिटांतून दिलेली वजा होतात आणि उरतील त्यांचं बिल येतं. दिलेली जास्त झाली तर ती पुढच्या महिन्यात ओढली जातात. शेजारी वाटीभर साखर द्यावी आणि अडीअडचणीला वाटीभरच परत आणावी, तसं हे. साखरेचा भाव कुणी काढत नाही. वर्षाअखेर जे शिल्लक राहतं त्याचाच काय तो ठरलेल्या दराने हिशेब होतो. खरी 'विक्री' झाली तर तेवढीच.

दोन तांत्रिक गोष्टी नव्या लोकांना चकवतात. एक म्हणजे, बरीच नेहमीची इलेक्ट्रॉनिक मीटरं बाहेर गेलेली वीजसुद्धा आत आलेली म्हणूनच मोजतात. चकतीचा भाबडा प्रामाणिकपणा त्यांच्यात नाही. म्हणून दुतर्फा मोजणारं वेगळं मीटर लागतं आणि ते बसेपर्यंत सिस्टीम चालू करू नये. दुसरं, लाईट गेली की बॅटरी नसलेली सोलर सिस्टीमही बंद पडते. हा दोष नसून सुरक्षेची तरतूद आहे. नाहीतर तार बंद समजून खांबावर चढलेल्या लाईनमनला आपल्याच गच्चीवरची वीज झटका देईल.

उसनवारीवर आलेलं सावट

३१ डिसेंबर २०२० ला केंद्राने ग्राहक हक्कांचे नियम काढले. ग्राहकाचे हक्क सांगणाऱ्या त्या नियमांतच, १० किलोवॉटपर्यंत नेट मीटरिंग आणि त्यावर ग्रॉस मीटरिंग, अशी एक ओळ होती. ग्रॉस मीटरिंग म्हणजे गच्चीवरची सगळी वीज ठरलेल्या दराने कंपनीला द्यायची आणि घरात लागणारी सगळी नेहमीच्या दराने विकत घ्यायची. विरोध झाला आणि जून २०२१ मध्ये ती मर्यादा ५०० किलोवॉटवर नेली गेली. एका ओळीने उसनवारीची विक्री होते आणि दुसऱ्या ओळीने परत उसनवारी, हे त्या सहा महिन्यांनी दाखवून दिलं.

पैशांत फरक केवढा? समजण्यापुरतं धरू, की आपल्याला एक युनिट सात रुपयांना पडतं. उसनवारीत आपण दिलेल्या युनिटची किंमतही सातच झाली. विक्रीत मात्र कंपनी घाऊक भाव पाहणार. आणि तो काय आहे? आपल्याच राज्यातल्या रीवाच्या ७५० मेगावॉट सौर प्रकल्पाच्या लिलावात २०१७ साली पहिल्या वर्षाचा दर २ रुपये ९७ पैसे निघाला होता.

कंपनीची बाजूही खोटी नाही. खांब, तारा, डीपी, रात्रीचा पुरवठा, सगळं तिनेच सांभाळायचं आणि आपण तिला फुकटची बँक समजायचं, हे कुठवर चालणार? तो खर्च शेवटी ज्याला गच्चीच नाही अशा भाडेकरूच्या बिलात जातो. २०२३ च्या दुरुस्तीने तासागणिक दरांची दिशा ठरवली आहे, उन्हाच्या वेळी वीज स्वस्त आणि संध्याकाळी महाग. हे पूर्णपणे लागू झालं, की दुपारी दिलेली वाटी आणि रात्री घेतलेली वाटी सारखी राहणार नाही.

तिकडे गच्च्या वाढतच आहेत. २२ जानेवारी २०२४ ला, अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेच्याच दिवशी, घरांवरच्या सौर विजेची केंद्राची योजना जाहीर झाली. आमच्या वसाहतीच्या नावाशी जुळणारा हा योगायोग. पुढच्याच महिन्यात ती 'पीएम सूर्य घर' या नावाने सुरू झाली. एक कोटी घरांचं उद्दिष्ट आणि ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान. एवढी घरं एकाच खरेदीदारासमोर उभी राहतील. खोपोलीला विकणारा एक आणि घेणारे अनेक होते, इथे बरोबर उलट आहे. आणि गिरणीमालकासारखं 'नाही' म्हणण्याची सोय गच्चीवाल्याला बॅटरी घेतल्याशिवाय नाही.

म्हणून मंडळातल्या सगळ्यांना एक विनंती. सोलर बसवल्यानंतरचं पहिलं बिल, ज्यात घेतलेले आणि दिलेले युनिट वेगवेगळे छापलेले असतात, ते रद्दीत टाकू नका. कंपनीशी झालेला नेट मीटरिंगचा करार, त्याच्या अटी, वर्षाअखेरच्या हिशेबाचा दर, जमलं तर काढून नेण्याआधी जुन्या मीटरचा फोटो, हे सगळं एका फायलीत ठेवा. खोपोलीचा इतिहास कंपनीच्या दप्तरात आहे, मुळशीचा चळवळीच्या कागदांत. गच्चीवरच्या विजेचा इतिहास आपल्या घरच्या बिलांत आहे, आणि उद्या दराचा वाद निघाला तर पुरावाही तिथेच सापडेल.