श्रमविषयक संज्ञा आणि वऱ्हाडातील हंगामी मजूर

श्रमशक्ती, रोजगार व बेरोजगारी या एका आकड्यात मावणाऱ्या बाबी नाहीत, असे दांतवाला समितीने १९७० मध्ये प्रतिपादन केले. त्यानुसार राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २७ व्या फेरीत (१९७२-७३) नेहमीची, साप्ताहिक व दैनिक स्थिती अशा तीन कसोट्या वापरल्या गेल्या. १९८१ च्या जनगणनेने वर्षात १८३ किंवा अधिक दिवस काम करणाऱ्यास ‘मुख्य’, तर त्याहून कमी दिवस काम करणाऱ्यास ‘सीमांतिक’ मानले.

नांदगाव पेठेस औद्योगिक वसाहत असली तरी सभोवताली कापसाची शेती आहे. केवळ वेचणीच्या हंगामात काम मिळणारी मजूर स्त्री जनगणनेत सीमांतिक ठरते. नेहमीच्या स्थितीत तीच रोजगारप्राप्त दिसू शकते. उन्हाळ्यातील रिकामे दिवस मात्र दैनिक स्थितीत उमटतात. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने ग्रामीण प्रौढाची कामाची मागणी हीच कसोटी मानली, हे त्याचे ऐतिहासिक महत्त्व होय.