नांदेड आणि लातूर, २०१७ : एका वर्षातील दोन उलटे कौल

१/ मराठवाड्यातील या दोन शहरांनी महाराष्ट्राला शंकरराव चव्हाण, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण हे मुख्यमंत्री दिले. दोन्ही काँग्रेसचे बालेकिल्ले. २०१७ मध्ये मात्र त्यांच्या वाटा फुटल्या.

२/ आधी लातूर. २०१२ च्या पहिल्या महापालिका निवडणुकीत ७० पैकी ४९ जागा काँग्रेसकडे, भाजप शून्यावर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विलासराव गेले. २०१६ च्या एप्रिलमध्ये तहानलेल्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

३/ २१ एप्रिल २०१७ : भाजप ३६, काँग्रेस ३३, राष्ट्रवादी १. शून्यावरून थेट सत्ता! नेतृत्व होते संभाजी पाटील निलंगेकरांचे, म्हणजे काँग्रेसचेच माजी मुख्यमंत्री शिवाजीराव निलंगेकर यांच्या नातवाचे.

४/ आता नांदेडही पडणार, असा अनेकांचा होरा होता. केंद्रात आणि राज्यात भाजपचीच सत्ता होती. १२ ऑक्टोबरला निकाल लागला : ८१ पैकी काँग्रेस ७३, भाजप ६, शिवसेना १, अपक्ष १. २०१२ मध्ये ११ जागा जिंकून राज्यभर गाजलेला एमआयएम यावेळी शून्यावर आला.

५/ ७३ जागा म्हणजे नव्वद टक्के जागा. नव्वद टक्के मते नव्हेत. प्रभागात साधारण चार जागा, आणि मतदाराला प्रत्येक जागेसाठी एक मत. त्याने चारही मते एकाच पक्षाला दिली, तर थोडक्या आघाडीवरही चारही जागा त्या पक्षाच्या पदरात पडतात. विरोधी मते विभागली, की हा परिणाम अधिकच तीव्र होतो.

६/ मग आठ जणांच्या विरोधकांनी त्र्याहत्तरांना जाब कसा विचारायचा? पाणी, कचरा, रस्ते यांचे ठराव सभागृहात हात वर करून संमत होतात. तिथे आवाज क्षीण झाला, की लक्ष ठेवण्याचे काम नागरिकांवर येते.

७/ वर्चस्व टिकले का? लातुरात २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये भाजपमधील फुटीमुळे महापौरपद पुन्हा काँग्रेसकडे गेले. २०२४ च्या फेब्रुवारीत खुद्द अशोक चव्हाणच भाजपमध्ये दाखल झाले. मतदारांनी चिन्हाला दिलेला कौल आणि नेत्याला दिलेला कौल यांतील सीमारेषा किती पुसट असते, हे तेव्हा उमगले.

८/ म्हणून, मित्रहो, बालेकिल्ला हा शब्द जपून वापरावा. दगडी किल्ल्याचे बुरूज शतकानुशतके उभे राहतात. मतपेटीतल्या किल्ल्याची डागडुजी दर पाच वर्षांनी करावी लागते.