अरुणा शानबाग आणि कॅथलिक भूमिका

* केईएम रुग्णालयाच्या परिचारिका अरुणा शानबाग २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या दयामरणाची याचिका फेटाळली. मात्र कडक अटींवर जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली. व्हॅटिकनच्या १९८० च्या निवेदनानुसारही मरण टेकले असता निष्फळ, जाचक उपचार नाकारणे म्हणजे आत्महत्या नव्हे. अन्नपाणी मात्र, नळीवाटे दिले तरी, साधी शुश्रूषाच. रुग्ण शुद्धीवर येणार नाही एवढ्यावरून ते तोडता येत नाही, असा खुलासा व्हॅटिकनने २००७ मध्ये केला. केईएमच्या परिचारिकांनी पिढ्यान् पिढ्या अरुणांना मऊ अन्न भरवले, पाठीला व्रण पडू दिले नाहीत. या शिकवणीचे याहून बोलके उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.