मोहाची दारू (खानदेश)

मोह किंवा महू या वृक्षाच्या फुलांपासून गाळलेले मद्य. धुळे जिल्ह्यातील शिरपूर व साक्री, जळगाव जिल्ह्यातील चोपडा, यावल व रावेर हे तालुके आणि शेजारचा नंदुरबार जिल्हा येथील भिल्ल, पावरा, मावची, कोकणा या आदिवासी समाजांत त्याची परंपरा जुनी आहे.

फूल : मोह (शास्त्रीय नाव मधुका लाँगिफोलिया, प्रकार लॅटिफोलिया) हा चिकूच्या कुळातील वृक्ष; संस्कृत नाव मधूक. पानगळीनंतर मार्च-एप्रिलमध्ये तो फुलतो. मांसल, पिवळसर फुले पहाटे गळतात, म्हणून बायका व मुले उजाडताच टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. वाळून तांबूस झालेल्या फुलांच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. ही फुले भाजून किंवा शिजवून खातात. दुष्काळात याच फुलांनी अनेक घरे तगली. बियांपासून तेल काढतात.

कृती : वाळलेली फुले पाण्यात भिजवून काही दिवस आंबवतात. मग मडके चुलीवर चढवतात. वाफ नळीवाटे थंड भांड्यात उतरून तिचे मद्य होते. आरंभी येते ती धार सर्वांत कडक. ‘पहिल्या धारेची’ हा मराठी शब्दप्रयोग तिथलाच. उत्तम मोहाची दारू नितळ असते व तिला फुलाचा वास येतो. विक्रीच्या हातभट्टीत गूळ व नवसागर घालतात. या भेसळीची बदनामी मूळ पेयालाही चिकटली, हा त्याच्यावरचा मोठा अन्याय आहे.

समाजजीवन : जन्म, लग्न, मृत्यू, पेरणी, कापणी अशा प्रसंगी देवाला व पूर्वजांना आधी धार वाहतात, मग माणसे पितात. सातपुड्यातील आदिवासींची कुलदेवता याहामोगी हिच्या देवमोगरा (गुजरात) येथील महाशिवरात्रीच्या यात्रेतही हे मद्य वाहिले जाते. व्यसनाने होणारी धूळधाणही याच समाजाने ओळखली. तळोद्याजवळील मोरवडचे गुलाम महाराज यांनी १९३० च्या दशकात ‘आप’ नावाच्या सुधारणा चळवळीतून हजारो आदिवासींना दारू सोडायला लावली. परंपरा जपणारे आणि ती सोडणारे, दोघांचे निर्णय त्यांचे स्वतःचे होते.

कायदा : इंग्रज सरकारने १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती गाळपावर बंधने आणली. १८९२ च्या मोहफूल कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुलांचा साठा व विक्रीही नियंत्रणाखाली आली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. २०२१ मध्ये महाराष्ट्राने मोहफुले गोळा करणे व त्यांची वाहतूक यांवरील निर्बंध सैल केले. विनापरवाना गाळप मात्र गुन्हाच राहिले.

पुनर्शोध : गोव्याच्या काजू फेणी या स्थानिक मद्याला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पुढे मोहाच्या दारूकडेही तसेच पाहिले जाऊ लागले. मध्य प्रदेशाने २०२२ च्या धोरणात मोहाच्या दारूला वारसा मद्य मानून आदिवासी बचतगटांना उत्पादनाची वाट मोकळी केली. सातपुड्याच्या उत्तर उतारावर, मध्य प्रदेशात, वारसा ठरलेले हे पेय दक्षिण उतारावर, खानदेशात, घरी गाळले, की आजही पोलिसांच्या पंचनाम्यात ‘गावठी हातभट्टी’ म्हणूनच नोंदले जाते.